ओल्या लाकडाचा आवाज

चुलीत ओलं लाकूड सारलं की एक टोक पेटतं, दुसऱ्या टोकाला पाणी सुटतं आणि आतली वाफ सूं सूं करत निसटते. सातशे वर्षांपूर्वी इटलीतल्या दान्तेने नरक रंगवताना नेमकं हेच लाकूड हाती घेतलं. नागपूरच्या लकडगंजमध्ये आरामशिनींच्या घरघरीतून, सागाच्या थप्प्यांमधून जाताना मला ते हटकून आठवतं.

त्याच्या ‘इन्फर्नो’ या नरककाव्याच्या तेराव्या सर्गात एक काटेरी रान आहे. तिथे ना पायवाट, ना फळ. सोबतचा वाटाड्या, कवी व्हर्जिल, याच्या सांगण्यावरून दान्ते एक डहाळी मोडतो आणि झाड कळवळून जाब विचारतं. जखमेतून रक्त आणि शब्द एकत्र येतात, ओल्या लाकडातून पाणी आणि वाफ यावी तसे. ते झाड म्हणजे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा मंत्री पिएर देला विन्या. फितुरीचा आळ आला, कैद झाली आणि १२४९ मध्ये त्याचा शेवट झाला. दान्तेच्या काव्यात त्याने स्वतःच जीव दिला आहे. ज्याने देह टाकला त्याला माणसाचा देह नाही, म्हणून तो झाड झाला. त्यातही त्याला बोलता येतं ते जखम झाली तरच! माणसाचं तोंड असलेले पक्षी त्याची पानं ओरबाडतात, आणि दुःखाला वाट मिळते ती त्याच ओरबाड्यांतून. मुक्या वेदनेचं याहून खरं रूपक मी वाचलेलं नाही.

कर्माचाच आकार घेऊन परतणाऱ्या अशा शिक्षेला दान्तेने ‘कोंत्रापासो’ म्हटलं. अठ्ठाविसाव्या सर्गात बापलेकांत फूट पाडणारा कवी बेरत्रां द बोर्न स्वतःचंच तुटलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून चालतो.

आपल्याला हा विचार नवा नाही. मयताच्या घरी गरुडपुराण वाचतात तेव्हा लहानपणी दाराआडून ऐकलेले नरक कोण विसरेल? भागवताच्या पाचव्या स्कंधात किड्यामुंग्यांना छळणाऱ्याला अंधारकूपात तेच जीव छळतात. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात तर एक नरक जणू लाकूडबाजारासाठीच सांगितलाय: वृथा रान तोडणारा असिपत्रवनात जातो. तिथल्या झाडांची पानं तलवारीची! तोडणाऱ्याला आता रानच तोडतं. सगळा भार त्या ‘वृथा’वर आहे. पाळण्यासाठी, चौकटीसाठी, सरणासाठी पडलेलं झाड त्यात येत नाही.

विदर्भाच्या रानात बिजाच्या खोडावर कुऱ्हाड बसली की लालभडक डिंक पाझरतो. अगदी रक्तासारखा. तो पाहिला की दान्तेचं रान कल्पनेतलं वाटेनासं होतं.

पिएरचं ऐकून दान्तेचा गळा इतका दाटतो की पुढचं विचारायला तो व्हर्जिललाच सांगतो. त्याच रानात त्याच्या फ्लॉरेन्स गावचाही एक माणूस झुडूप होऊन उभा आहे, कुत्र्यांनी फाडलेला. चौदाव्या सर्गाच्या सुरुवातीला, पुढे निघण्याआधी, दान्ते वाकतो, विखुरलेली पानं गोळा करतो आणि त्या झुडपापाशी नेऊन ठेवतो.