बापाचा दुसरा निकाह आणि मुलाचा ताबा

शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या घरातला बाप डोळ्यांपुढे आणा. तलाक झालेला. आठ वर्षांचा मुलगा त्याच्यापाशी. सहेरीला उठून स्वयंपाक तोच करतो, मुलाचा शाळेचा डबाही तोच भरतो. मुलाच्या ताब्याचा दावा कोर्टात चालू आहे. अशात एका स्त्रीशी त्याचे मन जुळते. दोघांनाही निकाह हवा आहे. पण नातेवाईक बजावतात, ‘केस संपेपर्यंत नाव काढू नकोस, पोरगं हातचं जाईल.’

हे भय कितपत खरे?

मुलाच्या संगोपनाच्या हक्काला ‘हिजानत’ म्हणतात. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हा हक्क आईचा असतो. आईने मुलाच्या नात्याबाहेरच्या पुरुषाशी निकाह केला, तर तिचा हक्क जातो. बापाच्या दुसऱ्या निकाहावर अशी अट नाही. म्हणून बापाने निर्धास्त राहावे काय? तसे मुळीच नाही.

कोर्ट १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने चालते. त्याच्या १७ व्या कलमात मुलाच्या हिताचा विचार सांगितला आहे. मूल समजत्या वयाचे असेल, तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक बाप उभा होता. पत्नीच्या मृत्यूनंतर त्याने दुसरा निकाह केला होता आणि मुले आजोळी होती. दुसऱ्या लग्नामुळे बाप अपात्र ठरत नाही, पण ती बाब महत्त्वाची आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलांचा अंतरिम ताबा आजोळीच ठेवला.

इस्लामी इतिहासातही एका बापाचा दावा नोंदला आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त तो येतो. हजरत उमर (रजि.) यांचा तलाक झाला होता. कुबा येथे त्यांना आपला मुलगा आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या जनावरावर बसवले. मुलाची आजी आडवी आली. वाद खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेला. निवाडा उमर यांच्या विरोधात लागला. एवढा दरारा असलेला माणूस, पण त्यांनी पुढे एक शब्दही काढला नाही.

बापाने प्रेम करू नये, असे ना शरीअत म्हणते ना कायदा. पण त्याने निकाह लपवू नये. कोर्टापुढे लपवाछपवी उघडी पडली, तर विश्वास जातो. येणाऱ्या स्त्रीची आणि मुलाची ओळख सावकाश होऊ द्यावी. मुलाच्या आईबद्दल घरात वाईट बोलू नये. ईदला मुलाने आईकडेही शीरखुर्मा खावा, यासाठी बापानेच पुढाकार घ्यावा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. अपिलासाठी शाहूवाडीकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. मात्र दोन घरांमधले अंतर आईबापांनी ठरवले, तर त्यांना कोल्हापूरलाही जावे लागणार नाही. रोजा सब्र शिकवतो. ताब्याच्या भांडणात त्या सब्राची गरज मुलापेक्षा मोठ्यांनाच अधिक असते.