बूटलोडर: हाताने की स्क्रिप्टने?

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, हे आपण नेहमीच पाहतो. त्यांना आपण बँकर म्हणतो. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तेवढा चढवून दिला की बँकर सुटा होतो. पुढचा प्रवास गाडीचा.

संगणकातला बूटलोडर असाच आहे. बटण दाबले की यंत्रातला मूळ प्रोग्राम त्याला शोधतो. तो डिस्कवरचे लिनक्स उचलून मेमरीत आणतो, कारभार त्याच्या स्वाधीन करतो आणि बाजूला होतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइटांत मावतो. नव्या यंत्रांत त्याच्यासाठी डिस्कचा एक लहान भाग राखलेला असतो.

तो बसविण्याच्या रीती दोन. हाताने बसवायचा तर डिस्क कोणती ते आपण ठरवायचे, तिचे भाग जोडायचे, ग्रब नावाचा बूटलोडर तिच्यावर लिहावयाचा आणि शेवटी त्याची यादी तयार करावयाची. स्क्रिप्ट हीच कामे ओळीने आपली आपण उरकते.

आमच्या युनियनच्या कचेरीतला जुना संगणक एका उत्साही मुलाने स्क्रिप्टने तयार करून दिला. दोन दिवस तो छान चालला. मुलगा आपला पेनड्राइव्ह काढून खोपोलीला गेला आणि दुसऱ्या सकाळी पडदा काळाच! कामगारांच्या थकबाकीचे तक्ते आत आणि सुनावणी दुपारी. झाले होते एवढेच, की स्क्रिप्टने 'पहिली डिस्क' म्हणून पेनड्राइव्हच धरला आणि बूटलोडर त्याच्यावर लिहिला. तक्ते जागच्या जागी होते. बँकर तेवढा दुसऱ्याच गाडीला लागला होता. मी पूर्वी वहीत उतरून ठेवलेल्या आज्ञा काढल्या, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, आतली डिस्क जोडली आणि ग्रब तिच्यावर बसविला. तक्ते वेळेवर पोचले.

म्हणून स्क्रिप्ट वाईट, असे मी म्हणणार नाही. एकसारखी चाळीस यंत्रे असतील तर हाताने काम करणारा माणूस थकतो आणि थकला की चुकतो. स्क्रिप्ट थकत नाही. आर्च लिनक्स तर हाताने बसविण्याबद्दलच प्रसिद्ध. त्यांनीही २०२१ साली आपल्या साहित्यात तयार स्क्रिप्ट दिली. मात्र हाताची वाट बंद केली नाही. हे मला शहाणपणाचे वाटते.

स्क्रिप्ट म्हणजे कोणीतरी आपल्या यंत्रावरून लिहून ठेवलेला हुकूम. आपले यंत्र तिने पाहिलेले नसते. तेव्हा एकदा तरी हाताने करा, आज्ञा वहीत टिपा, मग स्क्रिप्ट खुशाल वापरा. पण चालविण्याआधी ती वाचा आणि डिस्कचे नाव पडताळा. न वाचता करारावर सही करू नका, असे मी कामगारांना आयुष्यभर सांगत आलो. इथेही माझे सांगणे तेच आहे.