मेंदूतला गुंता कुणाला दिसतो?

काही जणांच्या मेंदूत धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट शिरांना जोडलेल्या असतात. हा गुंता फुटेपर्यंत अनेकदा पत्ताही लागत नाही. अचानक डोकं असह्य दुखू लागलेल्या रुग्णाचा आधी सीटी स्कॅन होतो, कारण ताजा रक्तस्राव त्यात काही मिनिटांत दिसतो. गुंता मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात रुतलाय, हे एमआरआय जास्त नीट सांगतो, तेही क्ष-किरणांशिवाय.

पण रक्त कुठून शिरतं, कसं बाहेर पडतं? त्यासाठी आजही डीएसएच, म्हणजे डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवून क्ष-किरणांत उठून दिसणारं औषध सोडतात. औषधाआधीची प्रतिमा संगणक नंतरच्या प्रतिमेतून वजा करतो. कवटी पुसली जाते, वाहिन्या तेवढ्या उरतात. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या वाहिन्यांचं असं चित्रण पहिल्यांदा केलं, तेव्हा ही वजाबाकी नव्हती. डीएसएत नळी आत जाते म्हटल्यावर पक्षाघाताचा थोडा धोका आलाच.

गंमत म्हणजे डीएसएसारखा उस्तादही कॅव्हर्नोमापुढे, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यापुढे, हरतो. तिथे रक्त इतकं संथ वाहतं की डीएसएत सहसा काही उमटतच नाही. एमआरआयवर मात्र जुन्या रक्तस्रावातलं लोह काळंकुट्ट दिसतं.