टाइल वाजवून, कॉन्क्रीट तपासून

रिकाम्या फ्लॅटमध्ये इंजिनियर पहिल्यांदा फरशी वाजवतो. हातात टोकाला पोलादी गोळी असलेली लांब काठी. गोळी टाइलवर टकटक करत पुढे जाते, एका जागी आवाज बदलतो. बाजारात मडकं वाजवून घेताना कान जे ऐकतो, तेच इथे ऐकायचं. टाइलखाली मसाला नीट भरलेला नसला की ती पोकळ वाजते आणि कपाटाचा पाय तिच्यावर आला की तडकते. ‘खोखली है’ म्हणत तो तिथे निळी चिकटपट्टी लावतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो.

दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा वेस्टमधल्या ओळखीच्या मराठी दांपत्याने पझेशन घेण्याआधी ही तपासणी करून घेतली, तेव्हा मी सोबत होते. बिल्डरकडून पझेशनचं पत्र आलं होतं, उरलेली रक्कम भरायची होती आणि ‘फ्लॅट सुस्थितीत मिळाला’ अशा कागदावर सही द्यायची होती. तपासणीची खरी वेळ हीच. सही करून चावी घेतल्यावर प्रत्येक दोषासाठी आपल्यालाच खेटे घालावे लागतात.

बाथरूममध्ये इंजिनियरने बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे वळतं की दाराकडे, हे बघायला मिनिटही लागलं नाही. त्यानंतर त्याने जाळी बंद करून जमिनीवर पाणी साठवून ठेवलं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहिलं. भिंतींवर थर्मल कॅमेरा फिरवला. ओली जागा आजूबाजूपेक्षा थंड असते, त्यामुळे पडद्यावर निळसर डाग उमटतो. पण थंड दिसणारी प्रत्येक जागा ओली असतेच असं नाही, म्हणून तिथे मॉइश्चर मीटरच्या सुया टेकवून खात्री करायची. दिल्लीकडे बरीच पझेशनं कोरड्या दिवसांत होतात, तेव्हा पावसाळ्यातली गळती दिसत नाही. त्यासाठी खिडकीवर बाहेरून पाइपने पाणी मारून बघावं लागतं. प्लगमध्ये टेस्टर खोचला की अर्थिंग आहे की नाही ते कळतं. लेझर मीटरने कार्पेट एरियाही मोजून घ्यावा. जाहिरातीत ‘सुपर एरिया’ मोठा दिसतो, घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा रेरा कायदा मात्र कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा मानतो आणि त्यात बाल्कनी किंवा बाहेरच्या भिंती येत नाहीत.

या सगळ्यातून तयार होते ती स्नॅग लिस्ट: खोली, दोष, फोटो, तारीख. ती ईमेलने पाठवून पोच ठेवावी. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार पझेशननंतर 5 वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागात, दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांची रेरा प्राधिकरणं वेगवेगळी आहेत. घर ज्या राज्यात, तक्रारही तिथेच.

पण ही तपासणी इमारतीच्या सांगाड्यापर्यंत पोचत नाही आणि खरा धोका तिथेच असू शकतो. 10 फेब्रुवारी 2022 रोजी गुरुग्रामच्या सेक्टर 109 मधल्या चिंटेल्स पॅराडिसोमध्ये डी टॉवरच्या सहाव्या मजल्यापासून खालपर्यंतचे स्लॅब कोसळले आणि दोन महिलांचा जीव गेला. इमारत जुनी नव्हती. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत कॉन्क्रीटमध्येच क्लोराइड सापडलं. क्लोराइडमुळे आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि कॉन्क्रीट आतून फुटतं. गिलावा, पुट्टी आणि रंगाखाली हे कुणाला दिसणार? दिल्लीच्या मुखर्जीनगरमधलं सिग्नेचर व्ह्यू अपार्टमेंट्स तर डीडीएने, म्हणजे सरकारी यंत्रणेनेच बांधलेलं. तेही धोकादायक ठरलं आणि डिसेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पाडायला वाट मोकळी करून दिली. नुसत्या नावाच्या भरवशावर घर घेऊ नये, ते यासाठी.

सांगाड्याची परीक्षा वेगळी. रिबाउंड हॅमरने कॉन्क्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज घेतात, कोअर कापून प्रयोगशाळेत मजबुती आणि क्लोराइडचं प्रमाण मोजतात, ताज्या कापावर फिनॉल्फ्थेलिन फवारतात. गुलाबी रंग आला तर तिथला अल्कधर्मीपणा टिकून आहे. रंग आला नाही तर तो संपलाय आणि सळईचं संरक्षण कमी झालंय. हे एकट्या ग्राहकाच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून जुना फ्लॅट घेताना सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन खांब आणि बीम स्वतः पाहावेत, कारण तिथे सहसा पीओपीचं छत नसतं. गंजाचे तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली चीर आणि नुकतंच लावलेलं ठिगळ तिथे सहज नजरेस पडतं. नव्या प्रकल्पात ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, पाहिल्याशिवाय पझेशन घेऊ नये.

घराचं कर्ज वीस-वीस वर्षं फेडायचं असतं, त्यापुढे तपासणीचा खर्च किरकोळ आहे. एका टॉवरमधल्या दहा खरेदीदारांनी मिळून ऑडिट मागितलं तर त्यांना टाळणं बिल्डरला अवघड जातं. शेजारी राहायला येण्याची वाट कशाला बघायची? पझेशनच्या आधीच एकत्र या, आणि मागणी लेखी करा.