बेकारांची मोजणी आणि शेतकऱ्याचें घर

गेल्या पौषांत संस्थेच्या गुदामावर खताच्या गाडीची वाट पाहत आम्ही कांहीं मंडळी बसलों असतां एका बागाईतदार गृहस्थांनीं वर्तमानपत्र पुढें करून आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, तुम्ही उभा जन्म सरकारी तक्ते भरण्यांत घालविला. शंभरांत तीनच माणसें बेकार, असें येथें छापलें आहे. मग आमच्या पारावर सकाळपासून मोबाईल चाळीत बसलेलीं हीं पंचवीस पोरें कोणत्या शंभरांतलीं?" मंडळी हंसली. आम्हीही हंसलों, परंतु उत्तर तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. घरीं येऊन जुनीं टिपणें व नवे अहवाल चाळले, आणि त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गृहस्थांनीं सहज विचारलें, पण प्रश्नाचें मर्म तेंच आहे. हे शंभर कोण? पंधरा वर्षांवरील सर्व माणसें नव्हेत. जीं काम करीत आहेत, अथवा काम नसून मिळाल्यास करावयास तयार आहेत, तेवढींच ह्या शंभरांत धरतात. विद्यार्थी, केवळ घर सांभाळणारी स्त्री, थकलेला म्हातारा हे मुळांतच वगळलेले असतात. सबब पारावरच्या पोरांपैकीं जो परीक्षेचीं पुस्तकें घेऊन आपणांस विद्यार्थी म्हणवितो तो ह्या हिशेबांत बेकारही नाहीं व कामावरही नाहीं. तो हिशेबाबाहेर आहे. आणि ज्याच्या बापाची जमीन आहे तो बहुधा कामावर आहे. कसा, तें पुढें येईल.

ज्यांनीं पैसेवारी पाहिली आहे त्यांस हें नवल वाटूं नये. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पैसेवाऱ्या एकाच गांवाच्या, एकाच हंगामाच्या निघतात, व त्या क्वचितच जुळतात. प्रयोगाचा तुकडा विहिरीखालचा निघाला तर गांव पन्नास पैशांच्या वर, माळावरचा निघाला तर खालीं. आणि त्या एका रेघेवर सारा गांव टंचाईंत जातो किंवा बाहेर राहतो. तुकडा निवडणारा खोटें बोलतो असें नव्हे. माप कोठें लावलें हें विचारल्यावांचून मापाचा अर्थ लागत नाहीं, एवढेंच.

बेकारीचें माप आपल्या देशांत कसें ठरलें हें थोडक्यांत सांगतों. राष्ट्रीय नमुना पाहणी सन १९५० मध्यें सुरू झाली. विलायतेंत कारखान्यांतून काढलेला मजूर बेकार म्हणून सहज ओळखतां येतो. आपल्याकडे बहुतेक माणूस स्वतःच्याच धंद्यावर, त्यास काढणार कोण? प्रा. एम्. एल्. दांतवाला यांच्या समितीनें सन १९७० च्या अहवालांत हाच पेंच मांडला व अशा देशाची बेकारी एका आंकड्यांत बसवूं नये असा अभिप्राय दिला. त्यानंतर सन १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरींत तीन मापें लावण्यांत आलीं. एक वर्षाचें, दुसरें सात दिवसांचें, तिसरें रोजचें. रोजच्या मापांत चार तास वा अधिक काम झालें तर पूर्ण दिवस, एक तास वा अधिक पण चारांहून कमी झालें तर अर्धा दिवस धरीत. आमच्या मतें शेतकऱ्यास तिन्हींत हेंच माप जवळचें, कारण आपली बेकारी माणसाची नसून दिवसाची असते. परंतु एप्रिल २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणींत हें तिसरें माप ठेविलें नाहीं. आठवड्यांतील कामाचे तास मात्र लिहून घेतात.

राहिलीं दोन. वर्षाच्या मापाची गोष्ट अशी कीं मुख्य काम कोणतें हें विचारल्यावर दुय्यम कामही विचारतात, आणि वर्षांतून तीस दिवस जरी कांहीं काम केलें असलें तरी तो मनुष्य कामावर लागतो. आठवड्याच्या मापांत सात दिवसांपैकीं एका दिवशीं एक तास काम पुरे होतें. आतां सन २०२३-२४ चेच आंकडे घ्या. वर्षाच्या मापानें शंभरांत ३.२ बेकार; त्याच देशांत, त्याच वर्षीं, आठवड्याच्या मापानें ४.९. वर्तमानपत्रांत बहुधा पहिला छापतात व दुसरा आंतल्या पानावर जातो.

हें आम्हांस कागदावर समजलें होतें. घरांत मात्र सन २०२५ मध्यें समजलें. त्या वर्षाच्या जानेवारीपासून पाहणीची रीत बदलली. पूर्वी देशभर सुमारें १,०२,४०० कुटुंबें निवडीत, आतां २,७२,३०४ निवडतात. आणि निवडलेल्या घरीं लागोपाठ चार महिने, दर महिन्यास एकदां, पाहणीदार येतो. आमच्या धाकट्या बंधूंचें घर त्यांत निघालें. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व अंगास साडेचार एकर जमीन, एक विहीर, बंधू, भावजय व दोन पुतणे. धाकटा पुतण्या पदवीधर आहे. एप्रिलांत पाहणीदार टॅब घेऊन ओसरीवर बसला तेव्हां आम्ही तेथेंच होतों, आणि कारकुनी संवयीमुळें उत्तरें देण्याचें काम कोणी न सांगतां आम्हींच अंगावर घेतलें.

भावजयीविषयीं त्यानें विचारलें, आणि आम्ही सांगितलें, "घरींच असते, कांहीं करीत नाहीं." ती त्या क्षणीं पडवींत कांद्याची पात कापीत बसली होती. पाहणीदार पोरगा शहाणा. त्यानें बोट न हलवितां पुन्हां विचारलें, "शेतांत जात नाहींत?" तेव्हां आंतून आवाज आला, "दादा, मागल्या आठवड्यात सातही दिवस कांदा मी काढला. तुम्ही चहा प्यायला बांधावर आला होतात." आम्हीं चष्मा पुसण्याचें निमित्त केलें. अठ्ठावीस वर्षें तक्ते तपासले, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनें दाखविल्या, आणि घरचा रकाना असा भरला.

ही चूक आमच्या एकट्याची नसावी. सन २०१७-१८ मध्यें खेड्यांतील पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकीं २४.६ कामावर किंवा कामाच्या शोधांत होत्या असें पाहणी सांगते. सन २०२३-२४ मध्यें ४७.६. सहा वर्षांत खेड्यांतील बाया दुपटीनें कामास लागल्या असें मानावयाचें, कीं पूर्वी न विचारलेलें आतां विचारूं लागले? आमच्या अंदाजानें दोन्ही थोडें थोडें असावें, आणि वाढींत घरच्याच शेतांत बिनमोल राबणाऱ्या पुष्कळ असाव्यात. येथें नियम ध्यानांत ठेवावा. घरच्या शेतांतील पीक घरींच खाल्लें तरी तें पिकविणें काम धरतात, म्हशीची धार काढणें काम धरतात. परंतु सरपण आणणें, घरच्यापुरते पापड व कुरडया करणें, घरचें शिवणें हें काम धरीत नाहींत. स्वयंपाकाचें तर नांवच नको. नियम कोणास पटो न पटो, ज्यास काम म्हणतात तें तरी सांगणें आपल्या हातीं आहे.

पुतण्याची हकीकत याहून चमत्कारिक. एप्रिलच्या आठवड्यांत त्यानें तीन दिवस कांदा भरला, सबब तो घरच्या धंद्यांत मदत करणारा, म्हणजे कामावर. मे महिन्यांत कांदा चाळींत गेला, उरलें काम अवकाळी पावसानें थांबविलें, आणि तो औद्योगिक वसाहतींत अर्ज घेऊन हिंडत होता; सबब बेकार. जूनमध्यें पेरणीची धांदल, पुन्हां कामावर. जुलैंत खुरपणी, कामावर. ह्या चार महिन्यांत त्याच्या हातीं पगाराचा एक रुपया आला नाहीं व त्याची स्थिति तिळभर बदलली नाहीं. आतां त्याच चार महिन्यांचे देशांतील खेड्यांचे आंकडे पाहा: एप्रिल ४.५, मे ५.१, जून ४.९, जुलै ४.४. शहरांत बसून कोणी मेमधील वाढीचें मोठें नवल करो. उन्हाळ्यांत रान मोकळें असतें हें आपणांस कोणी शिकवावयास नको. महिन्याचा आंकडा मागल्या महिन्याशीं ताडूं नये, मागल्या वर्षाच्या त्याच महिन्याशीं ताडावा.

साडेचार एकरांत तीन पुरुष व एक स्त्री राबतात. धाकटा पुतण्या उद्यां निघून गेला तर पोतें कमी होईल काय? बंधूंस विचारलें. ते उत्तर न देतां मोटार बंद करावयास उठून गेले. अर्थशास्त्रांत ह्यास प्रच्छन्न बेकारी म्हणतात. जोन रॉबिन्सन ह्या इंग्रज विदुषीनें सन १९३६ मध्यें हें नांव रूढ केलें. तिच्या डोळ्यांपुढें कामावरून सुटून किरकोळ विक्री करीत हिंडणारे इंग्रज मजूर होते. आपल्याकडे असा मजूर विक्रीस निघत नाहीं, तो घरीं परत येतो आणि घर त्यास पोटांत घेतें.

ह्याचा मोठा दाखला सन २०२० चा. टाळेबंदींत गाड्या बंद, कारखाने बंद, आणि माणसें पायीं गांवाकडे चाललेलीं सर्वांनीं पाहिलीं. एप्रिल ते जून २०२० ह्या तिमाहींत शहरांतील बेकारी, आठवड्याच्या मापानें, एकवीस टक्क्यांच्या घरांत गेली. परंतु जुलै २०१९ ते जून २०२० ह्या संपूर्ण वर्षाचा देशाचा आंकडा, वर्षाच्या मापानें, आदल्या वर्षाच्या ५.८ वरून ४.८ वर उतरलेला दिसतो. संकटाचें वर्ष, आणि बेकारी कमी! उलगडा दुसऱ्या रकान्यांत आहे. काम करणाऱ्यांपैकीं शेतीवर असणाऱ्यांचा हिस्सा त्याच काळांत शेंकडा ४२.५ वरून ४५.६ झाला. परतलेला मनुष्य भावाच्या शेतांत खुरपें घेऊन उतरला आणि कामावर लागला. जमीन वाढली नाहीं, पाणी वाढलें नाहीं, खाणारीं तोंडें वाढलीं. आणि तो हिस्सा पुढें उतरलाही नाहीं. सन २०२३-२४ मध्यें तो ४६.१ आहे. हा रकाना बेकारीच्या आंकड्यापेक्षां शेतकऱ्यानें अधिक काळजीनें वाचावा असें आमचें मत आहे.

प्रांतवार पाहिलें तर कोडें आणखी वाढतें. सन २०२३-२४ मध्यें केरळांत ७.२, गोव्यांत ८.५, मध्य प्रदेशांत १.०, गुजराथेंत १.१. केरळचा मनुष्य मध्य प्रदेशच्या मनुष्याहून हलाखींत आहे असें कोणी म्हणणार नाहीं. बेकार राहण्यासही घरांत दाणा व अंगीं शिक्षण लागतें. ज्यास संध्याकाळची भाकर दिसत नाहीं तो मिळेल तें काम मिळेल त्या मजुरीवर करतो आणि तक्त्यांत कामावर दिसतो. निरक्षरांत बेकारी ०.२ व माध्यमिक किंवा अधिक शिकलेल्यांत ६.५ हे त्याच वर्षाचे आंकडे हेंच सांगतात. महाराष्ट्राचा एकच आंकडाही असाच फसवा. पाहणींत राज्याचे सहा विभाग पाडलेले आहेत; कोंकणपट्टींत मुंबई येते, आणि तिची बेकारी व गडचिरोलीची बेकारी एका जातीची नव्हे. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडतांना जिल्हा हा मूळ घटक धरूं लागले आहेत, हें चांगलें झालें.

पाहणीखेरीज दुसरें माप म्हणजे काम मागणाऱ्यांची नोंद. ह्याबाबत महाराष्ट्र देशाच्या पुढें होता, वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून सन १९६५ मध्यें सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांत प्रयोग झाला, सन १९७२ च्या दुष्काळांत योजना वाढली व सन १९७७ मध्यें रोजगार हमीचा कायदा झाला. कामाची मागणी नोंदली म्हणजे बेकारी आपोआप मोजली जाते, अशी ही सुंदर कल्पना. परंतु नोंद लिहिणारा हात कोणाचा? सन २०१२-१३ च्या दुष्काळांत आम्ही ज्या तालुक्यांत नोकरीस होतों तेथें मागणीचे अर्ज येत, ते घेत, आणि तारखेची पोंच देत नसत. सन २००५ च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणें मागणीपासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागे. पोंच नाहीं तर मागणी नाहीं, मागणी नाहीं तर भत्ता नाहीं. वर जाणाऱ्या तक्त्यावर "निरंक" लिहिलें जाई. वरिष्ठांचा तोंडी हुकूम होता हें खरें, पण तो शब्द आमच्याच अक्षरांत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दुष्काळांत सात-बारावर नांव असलेले कित्येक खातेदार अर्ज करावयास आलेच नाहींत. पाटलाच्या घरानें खडी फोडावी काय, हा विचार. जनगणनेंतही धंदा विचारला कीं "शेती" असें सांगून मोकळे, मग वर्षांतील आठ महिने दुसऱ्याच्या बांधावर मजुरी कां केलेली असेना. तरीसुद्धां सन २००१ मध्यें सुमारें १२.७३ कोटि असलेले शेतकरी सन २०११ मध्यें ११.८८ कोटि झाले व शेतमजूर सुमारें १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेले. लाजेनें लपविलेलें वगळून इतकें.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं पाहणीदार आला तर त्याच्यापुढें सात-बारा अथवा रेशनकार्ड घेऊन बसण्याची गरज नाहीं. त्यावरून ना कर बसतो ना अनुदान मिळतें. मागल्या सात दिवसांत घरांतील प्रत्येक माणसानें रोज काय केलें व किती तास केलें हें आदल्या रात्रीं एकदां आठवून ठेवावें. दुसऱ्याच्या शेतांतील मजुरी लपवूं नये. शिकलेला मुलगा काम शोधीत असेल तर "शेती बघतो" असें म्हणून त्यास झांकूं नये. आणि बायकांचीं उत्तरें बायकांस देऊं द्यावींत.

आमच्या बंधूंच्या घरीं जुलैच्या शेवटच्या भेटीस आम्ही मुद्दाम गेलों नाहीं. भावजयीनेंच सांगितलें म्हणे. सोमवार ते शनिवार, खुरपणी, रोज सहा तास, रविवारीं बाजार. पाहणीदारानें पुतण्याकडे वळून विचारलें तेव्हां तो म्हणाला, "आईबरोबर होतों, तेंच लिहा."