गवत जे चोपण जमीन सुधारते

उत्तर प्रदेशात जिला उसर म्हणतात, हरियाणात जी कल्लर म्हणून ओळखली जाते, तीच महाराष्ट्रातील शेतकऱ्याची चोपण जमीन. सोडियमच्या आधिक्याने तिचे कण विस्कटून छिद्रे बुजतात; पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि पिकांची मुळे गुदमरतात. भारतात क्षारांनी बाधलेली जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे.

जिप्सम घालणे हा यावरील प्रसिद्ध उपाय. पण तो खर्चाचा. १९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने दुसरी वाटही दाखविली. ती म्हणजे कर्नाल गवताची लागवड. क्षार आणि साचलेले पाणी, दोन्ही हे गवत सोसते. त्याच्या मुळांनी सोडलेल्या कर्बवायूमुळे मातीतील चुनखडी विरघळते. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि पाण्याबरोबर तो खाली वाहून जातो. शिवाय वैरण मिळते, आणि जनावरांचे शेण पुन्हा मातीला कस देते. जमीन ओली असताना मात्र गुरे आत सोडू नयेत. खुरांनी ती दडपते. गवत कापूनच घालावे.

हाच न्याय सर्वत्र लावता येत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यातून शिसे वा कॅडमियम मुरलेल्या जमिनीत वनस्पती ते विष पानांपर्यंत ओढतात. तेथील वैरण गुरांनी खाल्ली, तर ते आपल्या ताटापर्यंतही पोहोचू शकते. म्हणून आधी मातीची परीक्षा, मग पेरणी आणि शेवटी दावण, हाच क्रम हिताचा.