एका दिवशी चार कार्डांचे अर्ज नकोत

गावातल्या कितीतरी लेकी-सुना आता नोकरीसाठी नवी मुंबईत, वाशी-बेलापूर-पनवेलकडे राहतात. तिथे मॉलमध्ये, स्टेशनाबाहेर टेबल मांडून पोरं उभी असतात. "ताई, क्रेडिट कार्ड घ्या, फुकट आहे, वर बॅग मिळेल." एक फॉर्म भरला की दुसरा बोलावतो. म्हणून आज या अर्जांबद्दलच बोलू या.

आपल्या कर्जाची आणि हप्त्यांची नोंद सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या ठेवतात. त्यावरून 300 ते 900 गुणांचा स्कोअर निघतो. कार्डासाठी अर्ज केला की बँक ही नोंद मागवते आणि ती चौकशी तिथे लिहिली जाते. एका चौकशीने फारसं बिघडत नाही. पण आठवड्यात चार झाल्या, तर पुढची बँक म्हणते, या बाईला पैशाची फार नड दिसते. उद्या मसाला दळायच्या यंत्रासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा मॅनेजरसाहेबांना हेच दिसणार. कार्ड नामंजूर झालं तरी चौकशी पुसली जात नाही, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

मग दोन कार्डं घ्यायचीच नाहीत का? तसं नाही. समजा कार्डाची मर्यादा 20,000 रुपये आहे आणि दर महिन्याला 15,000 वापरता. म्हणजे 75 टक्के, आणि ते जास्तच. 30,000 चं दुसरं कार्ड आलं आणि खर्च तेवढाच ठेवला, तर वापर 30 टक्क्यांवर येतो आणि स्कोअरला उलट मदत होते. खर्च तेवढाच ठेवला तर, हं! खरी मेख तिथेच आहे.

दुसरं कार्ड घ्यायचं तर आधी स्वतःची नोंद पाहा. 2017 पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. मग जिथे आपलं खातं आहे त्याच बँकेत विचारा. पगाराची स्लिप नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. आमच्या मते नवख्या बाईला तेच बरं. एक अर्ज झाला की निदान सहा महिने थांबा. घरासाठी किंवा धंद्यासाठी मोठं कर्ज काढायचं असेल, तर त्याआधी कार्डाचा अर्ज करूच नका.

बिलावर 'किमान रक्कम' लिहिलेली असते. तेवढीच भरली तर बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लागू शकतं. बचत गटात दोन टक्के घेतले तरी आपण कुरकुर करतो!

न मागता कार्ड पाठवायला बँकेला मनाई आहे. तसं आलं तर ओटीपी कुणालाही सांगू नका, लेखी तक्रार करा. अहवालात आपण न केलेली चौकशी किंवा न घेतलेलं कर्ज दिसलं, तर त्या बँकेकडे आणि नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे तक्रार द्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आपल्याला मिळायला हवी. तक्रारीचा नंबर आणि तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. माहितीसाठी त्यांचा फोन 14448.